मदत हवी आहे: दादा म्हणतो, "डॉक्टर काय पगार देणार आहे का?"

नमस्कार. मी नाशिकचा, सिडकोत राहतो. मोठ्या भावाबद्दल विचारायचं आहे. लिहिताना क्रम चुकला तर सांभाळून घ्या.

दादा इथल्या अंबड औद्योगिक वसाहतीत, कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या एका वेंडरकडे चौदा वर्षं सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनचा ऑपरेटर होता. मार्च २०२० मध्ये काम बंद झालं. पुन्हा सुरू झालं तेव्हा निम्मेच लोक बोलावले, त्यात दादा नव्हता. घराच्या हप्त्यांना सहा महिने सवलत मिळाली, पण व्याज चालूच राहिलं आणि कर्ज लांबलं. दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं, पोरांची शाळा एका मोबाईलवर. दुसऱ्या लाटेत आई गेली. थोरला असून त्याला तिचं तोंड पाहता आलं नाही, गंगेवर (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) दहावंही धड झालं नाही.

आता तो एका गोडाऊनवर कंत्राटी आहे, पगार पूर्वीच्या निम्मा. घर चालतं वहिनीच्या पोळीभाजीच्या डब्यांवर. मला वाटतं, त्याला सगळ्यात जास्त हेच लागलंय. दर रविवारी मित्रांना गोळा करून मिसळ खायला नेणारा माणूस आता कुणाचा फोन घेत नाही. पहाटे तीनला उठून गॅलरीत बसतो. अंगावरचे शर्ट ढगळ झालेत.

नातेवाईक म्हणतात, करोना सगळ्यांनाच होता, याचंच काय एवढं? मला राग येतो. साथीच्या पहिल्याच वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितलं. ज्यांची नोकरी टिकली, ज्यांना दार लावून बसायला वेगळी खोली होती, त्यांचा करोना आणि दादाचा करोना एक कसा?

डॉक्टरांचं नाव काढलं की तो म्हणतो, "मला आजार नाही, मला पगार नाही." यावर काय बोलावं? आणि परवा म्हणाला, "माझा विमा आहे, तुमचं भागेल." तेव्हापासून माझा डोळा लागलेला नाही.

प्रतिसाद:
विम्याचं बोलणं अजिबात सोडून देऊ नका. आजच शेजारी बसून सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या-औषधं कुलपात ठेवा आणि लगेच दवाखान्यात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतःही फोन करू शकता.

पगाराचं त्याचं म्हणणं खोटं पाडू नका. कारण पैशाचं असलं तरी झोप, भूक, वजन गेलंय, हा आजारच आहे. "झोपेसाठी दाखवू" म्हणा. खर्चाची धास्ती असेल तर सिव्हिलला, म्हणजे सरकारी जिल्हा रुग्णालयात न्या, ऑगस्ट २०२३ पासून सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच बंद करू देऊ नका. कर्जाचं वेगळं बघा: बँकेत तुम्ही सोबत जा, हप्ता कमी करून मुदत वाढवून मागा.

धागाकर्ता:
विचारलं. बराच वेळ गप्प होता, मग "कधीकधी येतो" म्हणाला आणि रडला. आई गेल्यावरही रडला नव्हता. रात्रभर मी त्याच्याजवळच आहे, वहिनीलाही सांगितलंय. झोपेच्या नावाखाली सकाळी सिव्हिलला यायला तयार झालाय. केसपेपरच्या रांगेत किती वाजता उभं राहावं, कुणी सांगेल का?