जुन्या ओक डेस्कचं रिलोडिंग बेंच: प्रेस लावल्यावर डेस्क हलू नये म्हणून काय करावं?

ओहायोतला_वऱ्हाडी
शाळेच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मास्तरांचं ओकचं डेस्क मिळालं. पाच फूट लांब, अडीच फूट रुंद. दोन्ही बाजूंना ड्रॉवर, मध्ये पाय घालायची जागा आणि तिच्यावर एक उथळ ड्रॉवर. आमच्या ओहायोत 2014 पासून हरणाच्या शिकारीला सरळ पुंगळीच्या (तोंडाशी निमुळता गळा नसलेल्या) काडतुसांची रायफल चालते. माझी .45-70 काडतुसाची आहे. तयार काडतुसं महाग पडतात, म्हणून वापरलेल्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरायचं (रिलोडिंग) ठरवलंय. त्यासाठीचा प्रेस, म्हणजे हँडल ओढून पुंगळी साच्यात दाबायचं यंत्र, रॉक चकर, ओतीव लोखंडाचा. सी-क्लॅम्पने धरून एक पुंगळी साइझ करून (दाबून मापात आणून) पाहिली, तर डेस्क पुढे झुकलं आणि वरची फळी करकरली. वर जाड प्लाय टाकला की भागेल का? घर स्वतःचं आहे, जागा बेसमेंटमध्ये.

रंधा_आणि_गुण्या
नुसत्या प्लायने भागणार नाही. जोर कुठे येतो ते आधी बघा. हँडल डेस्कच्या कडेच्या पुढे असतं. ते तुम्ही खाली ओढता तेव्हा डेस्क पुढच्या पायांवर कलंडायला बघतं. पुंगळी डायमध्ये (साच्यात) घट्ट बसली की हँडल वर उचलताना तीच कड वर खेचली जाते. म्हणजे सगळी ओढाताण पुढच्या कडेवर, आणि जुन्या डेस्कची फळी खालच्या सांगाड्याला बहुधा चार-सहा स्क्रूंनीच धरलेली असते. लिहिण्यासाठी केलेलं डेस्क ते, असला जोर त्याने कधी पाहिलेलाच नाही.

पहिलं काम सांध्यांचं. सगळे ड्रॉवर काढा, डेस्क कोपऱ्यांतून हलवून बघा. जो सांधा बोलतो तो उकलून, जुना सरस गरम पाण्याने मऊ करून खरवडा आणि नव्याने चिकटवा. मग मागच्या बाजूला पूर्ण रुंदीचा अर्धा इंची प्लाय गोंद आणि स्क्रूंनी ठोकून बसवा. डावी-उजवी डुलणी याने थांबते. माझ्या मते अख्ख्या कामात सगळ्यात जास्त फायदा या एका फळीचा, आणि लोक नेमकी तीच विसरतात.

ओकची मूळ फळी काढू नका, असं लाकूड आता सहज मिळत नाही. तिच्यावर पाऊण इंची बर्च प्लायचे दोन थर गोंदाने एकजीव करा आणि खालून स्क्रू मारा. पुढची कड तीन इंच बाहेर राहू द्या, म्हणजे प्रेसचा दांडा आणि त्याचे दुवे खाली मोकळे फिरतील. तुमचा मधला उथळ ड्रॉवर बोल्टच्या आड येईल. प्रेस तिथे लावूच नका. तो उजव्या ड्रॉवरांच्या खणाच्या उभ्या फळीवर येईल असा सरकवा, म्हणजे जोर सरळ खाली पायात उतरेल. बोल्ट आरपार, खालून पाव इंची लोखंडी पट्टी घालून. लाकडाचे स्क्रू प्रेसला कधीही नाही, महिन्याभरात भोकं मोठी होतात.

शेवटी डेस्क भिंतीला बांधा. लाकडी सांगाड्याची भिंत असेल तर स्टड (आतले उभे लाकडी खांब) साधारण 16 इंचांवर सापडतील, त्यांत जाड लॅग स्क्रू. काँक्रीट असेल तर आधी एक दोन-बाय-चारची लाकडी पट्टी अँकरने पक्की करा आणि डेस्कची मागची कड तिला बोल्टने जोडा. खालच्या ड्रॉवरमध्ये छर्ऱ्यांच्या 25 पौंडी पिशव्या ठेवल्यात तर आणखी उत्तम.

नागपूरकर_नेमबाज
वाचताना मजा आली. माझ्याकडे परवान्याची रायफल आहे. इथे असं बेंच केलं तर चालेल का?

रंधा_आणि_गुण्या
नाही हो, तुम्ही यात पडू नका. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दारूगोळा तयार करायला वेगळा परवाना लागतो, शस्त्र बाळगण्याच्या परवान्यात ते येत नाही. डेस्क मजबूत करा, शिकंजा लावा आणि सुतारकाम करा. बेंच तेवढंच कामाचं आहे.

ओहायोतला_वऱ्हाडी
खूप आभार दादा. प्रेस उजव्या खणावरच घेतो. दोन गोष्टी राहिल्या. डेस्क 30 इंच उंच आहे, उभ्याने काम करायला पाय वाढवू का? आणि बंदुकीची दारू मोजायचा काटा प्रेसशेजारीच ठेवला तर?

रंधा_आणि_गुण्या
पाय वाढवू नका. उंची वाढली की कलंडण्याचा जोरही वाढतो. दीड इंच प्लायने आपोआप चढेल, त्याला उंच स्टूल पुरे. काटा मात्र प्रेसच्या फळीवर नकोच. प्रत्येक झटक्याने दांडी थरथरते आणि माप चुकतं. बाजूच्या भिंतीला स्वतंत्र ब्रॅकेटवर छोटी फळी लावा, पंख्याच्या आणि हीटरच्या झोतापासून दूर.

वरच्या थराला फिकट रंग किंवा साधं पॉलियुरेथेन द्या, सांडलेले दारूचे कण लगेच दिसतील. कडेने अर्धा इंची पट्टी मारा, प्रायमर (दारू पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) घरंगळून खाली जायला नकोत. पायाखाली गालिचा असेल तर उचला, शिशाची धूळ त्यात मुरते आणि निघत नाही. उठताना हात साबणाने धुवायचे, मगच चहा.

दारू त्याच ड्रॉवरमध्ये कोंबू नका आणि जाड लोखंडी पेटीत घट्ट बंद तर अजिबात नको, आग लागली तर आत दाब साठतो. मूळ डब्यात, थंड कोरड्या कपाटात ठेवा, वॉटर हीटर आणि भट्टीपासून लांब. प्रायमर त्यांच्या मूळ पाकिटातच, दारूपासून वेगळे. बाटलीत एकत्र ओतायचे नाहीत.

प्लाय चिकटवल्यावर एक रात्र वजन ठेवून वाळू द्या, मगच भोकं पाडा.