मदत हवी आहे: वडिलांना अखेरच्या दिवसांत औषधाने झोपेत ठेवावे का?

नमस्कार. आम्ही गोव्यात, फोंडा तालुक्यातील एका गावात राहतो. माझ्या वडिलांचे वय 74 असून त्यांचा फुप्फुसाचा कर्करोग यकृतात आणि हाडांत पसरला आहे. केमोथेरपी थांबवून तीन महिने झाले. शेवट घरीच व्हावा, हे त्यांनी आम्हा सर्वांना समोर बसवून स्वतः सांगितले आहे. मॉर्फीनमुळे हाडांचे दुखणे बरेच आटोक्यात आहे, पण गेल्या पाच दिवसांपासून धाप कशालाच दाद देत नाही.

त्यांना आडवे होता येत नाही. पलंगाला लावलेल्या स्टुलावर दोन उशा ठेवून, त्यांवर कपाळ टेकून ते रात्रभर बसून असतात. जत्रेच्या नाटकात ज्यांचा आवाज मंडपाबाहेर उभ्या असलेल्यांनाही स्पष्ट ऐकू जात असे, त्यांना आता ‘पाणी’ म्हणण्यासाठीही श्वास साठवावा लागतो. पावसात वीज गेली की इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत ऑक्सिजनचे यंत्र क्षणभर बंद पडते, आणि तेवढ्यात ते माझे मनगट इतक्या जोराने धरतात की वळ दुसऱ्या दिवशीही दिसतात.

घरी येणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजार बरा होणार नसताना त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, डॉक्टरांनी सोमवारी पॅलिएटिव्ह सिडेशनचा पर्याय सुचवला. मिडाझोलाम हे औषध लहान पंपाने त्वचेखाली सतत देत राहायचे आणि धाप जाणवणार नाही इतकीच गुंगी आणायची, असे त्यांनी समजावले. दादाच्या मते ही दयामरणाचीच मागची वाट आहे आणि त्यासाठी वैद्यकीय मंडळाची परवानगी लागत असणार. आई म्हणते की आधी देवाचा कौल घेऊ. मी तिच्याशी वाद घातलेला नाही, कारण तिची खरी काळजी वेगळीच आहे: शुद्धीत असताना तिच्या हातून त्यांच्या तोंडात गंगाजल पडेल का?

मला विचारायचे आहे ते असे. या औषधाने मृत्यू अलीकडे येतो का? एकदा झोपवले की ते पुन्हा बोलणारच नाहीत, असे धरून चालावे का? आणि अन्नपाणी बंद झाले तर आपण त्यांना उपाशी ठेवले, ही टोचणी आम्हाला जन्मभर लागणार नाही का? ज्यांनी हा निर्णय घरात घेतला आहे किंवा जवळून पाहिला आहे, त्यांनी कृपया लिहावे.

प्रतिसाद

मी परिचारिका आहे आणि अनेक वर्षे दक्षिण गोव्यात घरोघरी जाऊन अशा रुग्णांची सेवा करते. तुमच्या दादांची शंका रास्त आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. दयामरणात मृत्यू हाच हेतू असतो आणि औषधाची मात्राही त्याच हेतूने दिली जाते. इथे हेतू धाप शमवण्याचा असतो, आणि मात्रा थोडी देऊन, रुग्णाकडे पाहत, लागेल तेवढीच वाढवली जाते. या विषयावरच्या 2015 च्या कोक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या अहवालात) सिडेशनमुळे मृत्यू लवकर येतो असे आढळले नाही; ते अभ्यास निरीक्षणात्मक होते, म्हणजे पुरावा तितका भक्कम नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये घालून दिलेली आणि 2023 मध्ये सुलभ केलेली वैद्यकीय मंडळांची पद्धत ही जीवरक्षक उपचार न देण्यासाठी किंवा काढून घेण्यासाठी आहे. मुंबई उच्च न्यायालयाचे तेव्हाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी 2024 मध्ये गोव्यात स्वतःचे वैद्यकीय इच्छापत्र (लिव्हिंग विल) केले, तेही त्याच संदर्भातले. लक्षण शमवण्यासाठी गुंगी आणणे हा वेगळा विषय आहे. कॅथलिक घरांतही मला हाच प्रश्न विचारला जातो, आणि तिथे मी पोप बारावे पायस यांनी 1957 मध्ये भूलतज्ज्ञांना दिलेल्या उत्तराची आठवण करून देते: वेदना शमवण्याचा दुसरा मार्ग नसेल तर शुद्ध हरपली तरी औषध देता येते.

डॉक्टरांना मात्र आधी हे नक्की विचारा की फुप्फुसाभोवती पाणी साचले आहे का आणि ते काढून आराम पडेल का. लघवी तुंबल्याने किंवा मलावरोधानेही तगमग वाढते, तेही तपासून घ्यावे. मॉर्फीन अचानक बंद करू देऊ नका, कारण मिडाझोलाम वेदनाशामक नाही. काही वेळा आधी एक-दोन दिवसांपुरती गुंगी देऊन, मग मात्रा कमी करून पाहतात. पण ते पुन्हा बोलतील असे कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही, म्हणून बोलायचे ते आधी बोलून घ्यावे. उपाशी ठेवण्याविषयी: सलाईन द्यायचे की नाही हा स्वतंत्र निर्णय असतो, आणि या टप्प्यावर शरीराची भूकतहान आपोआप मंदावलेली असते. ओल्या कापसाने ओठ आणि जीभ पुसत राहा. आईंना गंगाजलाचा थेंब तसाच ओठांना लावता येईल, झोप लागल्यावरसुद्धा. फक्त घोट देऊ नये, ठसका लागेल. आणि निर्णय तुम्ही एकट्याने घेऊ नका. बाबा शुद्धीत आहेत, तर त्यांनाच विचारा.

धागाकर्ता

मनापासून आभार. छातीचा एक्स-रे महिन्याभरापूर्वीचाच असल्यामुळे डॉक्टरांनी आज सोनोग्राफीचे छोटे यंत्र घरी आणून तपासले. काढण्याइतके पाणी नाही. त्यानंतर मी बाबांना सगळे सांगितले. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले आणि ‘उद्या’ एवढेच म्हणाले. माझी मुलगी उद्या सकाळी अकराला दाबोळी विमानतळावर उतरते, हे त्यांच्या लक्षात होते. दादा अजून संमतीचे काही बोललेला नाही, पण मघाशी तोच जाऊन पंपासाठी जास्तीचे सेल घेऊन आला. डॉक्टर दुपारी चार वाजता येतील. आता एवढेच विचारायचे आहे: झोप लागल्यावर त्यांना आडवे करता येईल का, आणि रात्री कूस बदलायला दोन माणसे लागतील का?