चीनमधल्या बारावीचा इंग्रजीचा पेपर: व्याकरण आणि वाचनावर एवढा भर योग्य आहे का?

मृण्मयी_फोशान

चीनच्या शिक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ती पोरं नुसती घोकंपट्टी करतात, दहा वर्षं इंग्रजी शिकून चार वाक्यं धड बोलता येत नाहीत." आणि खापर फुटतं ते तिथल्या परीक्षेवर. मला हे पटत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं ग्वांगडाँग प्रांतातल्या फोशानला होतो. तिथे शेजारच्या मुलीचा इंग्रजीचा अभ्यास मी घेत असे, त्यामुळे हे पेपर जवळून पाहिलेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बारावीनंतरची गाओकाओ ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा जूनच्या ७ तारखेला सुरू होते. २०२४ मध्ये १ कोटी ३४ लाख मुलांनी नाव नोंदवलं होतं. एकूण गुण ७५०, त्यात चिनी, गणित आणि परकी भाषा यांना प्रत्येकी १५०. बहुतेक सगळे परकी भाषा म्हणून इंग्रजीच घेतात. पेपर ८ तारखेला दुपारी ३ ते ५.

सध्याच्या नव्या राष्ट्रीय पेपरात ऐकण्याला ३० गुण, वाचनाला ५०, भाषावापराला ३० आणि लेखनाला ४०. वाचनात चार उतारे, त्यावर पर्यायी प्रश्न. शिवाय एक उतारा असा असतो की त्यातली पाच वाक्यं काढून घेतलेली, खाली सात वाक्यं दिलेली, कुठलं कुठे बसतं ते ठरवायचं आणि दोन फसवी ओळखून बाजूला ठेवायची. हा प्रश्न पाठांतरावर सुटतच नाही. आधीच्या वाक्यातला "दे" (they, म्हणजे "ते") कोणाबद्दल आहे, पुढचं वाक्य कारण सांगतंय की उदाहरण देतंय, हे कळावं लागतं.

व्याकरणाचंही तसंच. साधारण दोनशे शब्दांचा सलग मजकूर आणि त्यात दहा रिकाम्या जागा. २०२३ च्या एका राष्ट्रीय पेपरात तो शाओलोंगबाओबद्दल होता, म्हणजे आत गरम रस्सा भरलेला, चुण्या घातलेला, आपल्या उकडीच्या मोदकासारखा दिसणारा पदार्थ. काही जागांसाठी मूळ शब्द दिलेला असतो, तो वाक्यात बसेल अशा रूपात लिहायचा: "डिसाइड" दिलं असेल तर तिथे "डिसाइडेड" हवं, "टु डिसाइड" हवं की "डिसिजन" हवं हे आजूबाजूचं वाक्य वाचून ठरतं. काही जागांना काहीच सूचना नसते. खाली पर्याय नाहीत, त्यामुळे अंदाजपंचे खूण करून सुटका नाही.

माझं म्हणणं असं: कोट्यवधी मुलांची एकाच वेळी परीक्षा घ्यायची असेल तर वाचन, शब्दसंग्रह आणि व्याकरण हाच तिचा कणा असायला हवा. वाचायला पुस्तक, वीज आणि एक बरा शिक्षक पुरतो. गान्सू प्रांतातल्या डोंगराळ गावातल्या मुलाला एवढं तरी मिळू शकतं. बोलायला सराव लागतो, आणि सरावाला समोर बोलणारं माणूस. ते शांघायच्या मुलाला पैसे टाकून मिळतं. शिवाय यातली बहुसंख्य मुलं पुढे आयुष्यात इंग्रजी वाचणार आहेत: संशोधनपत्रिका, यंत्रांची माहितीपुस्तकं, सॉफ्टवेअरचे दस्तऐवज.

दर्यावर्दी

मृण्मयीताई, माहिती चांगली दिलीत, पण निष्कर्षाशी पूर्ण असहमत.

यीवूच्या घाऊक बाजारातून माल आणायचा आमचा धंदा आहे, त्यामुळे चिनी तरुणांशी रोजचा संबंध. तिथल्या ऑफिसातली मुलगी जी मेल लिहिते तिच्यात एक चूक सापडणार नाही. फोन केला की तीच मुलगी गडबडते, "प्लीज वुईचॅट" (चिनी मेसेजिंग अ‍ॅप) म्हणते आणि पुढचं सगळं लिखाणात. कंटेनर बंदरात अडकलाय, कस्टमचा माणूस समोर उभा आहे, अशा वेळी आम्ही टाइप करत बसतो. ती हुशार आहे, कष्टाळू आहे. शाळेत तिला कोणी बोलायला लावलंच नाही, कारण बोलण्याला गुण नव्हते. जे तपासलं जात नाही ते वर्गात शिकवलं जात नाही, हा नियम चीनमध्ये जितका कडक आहे तितका क्वचित कुठे असेल.

आणि लेखनाच्या ४० गुणांचं म्हणाल तर त्यातलं १५ गुणांचं पत्र बघा. वर्षानुवर्षं "समजा तुम्ही ली ह्वा आहात" अशी सुरुवात. ली ह्वा आपल्या परदेशी मित्राला आमंत्रण देतो, माफी मागतो, सल्ला देतो. मुलं प्रत्येक प्रकारच्या पत्रासाठी सुरुवातीची आणि शेवटची वाक्यं तयार ठेवतात. इतकंच काय, अक्षरसुद्धा ठरावीक: हबेई प्रांतातल्या हंगश्वे शहराच्या नावाने ओळखलं जाणारं ते छापल्यासारखं गोल, उभं वळण तपासनिसाला आवडतं म्हणून देशभर मुलं गिरवतात. त्याच्या सरावाच्या वह्या विकत मिळतात. सतरा वर्षांच्या पोराचे तास भाषेऐवजी अक्षराच्या गोलाईवर खर्च होतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मृण्मयी_फोशान

दर्यावर्दी, बोलण्याला कुठेच गुण नाहीत असं नाही. ग्वांगडाँगमध्ये २०११ पासून संगणकावर ऐकण्या-बोलण्याची परीक्षा आहे, आता तिला १५० पैकी २० गुण आहेत. चित्रफितीबरोबर मोठ्याने वाचायचं, मग संवादात प्रश्न विचारायचे आणि उत्तरं द्यायची, शेवटी ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. बीजिंगने २०२१ पासून ऐकणं-बोलणं मिळून ५० गुण केलेत. शांघायमध्येही बोलण्याचा भाग आहे.

ही तीन नावं बघा: बीजिंग, शांघाय, ग्वांगडाँग. श्रीमंत भाग. आमच्या शेजारच्या मुलीच्या शाळेत हेडफोन लावून सराव करायची वेगळी खोली होती. प्रत्येकाला स्वतःचा आवाज ऐकून सुधारता येत असे. हीच सोय प्रत्येक तालुक्याच्या शाळेत नसेल आणि गुण मात्र सगळ्यांना लागू झाले, तर मार कोणाला बसेल?

चाचणीकार

मी महाराष्ट्रात इंग्रजी शिकवतो आणि प्रश्नपत्रिका काढायच्या कामात अनेक वर्षं होतो. दोघांचंही थोडं बरोबर आहे, पण मला दोघांशीही भांडायचंय.

दर्यावर्दींच्या डोक्यात जो पेपर आहे तो जुना आहे. पूर्वी सुट्या वाक्यांवर व्याकरणाचे पर्यायी प्रश्न असत. २०१४ मध्ये राष्ट्रीय पेपरातून ते गेले आणि व्याकरण उताऱ्यात आलं. उताऱ्यातल्या चुका दुरुस्त करायचा प्रश्नही नव्या पेपरात नाही. त्याच्या जागी गोष्ट पुढे नेण्याचा २५ गुणांचा प्रश्न आला, तो सुरू झाला झेजियांग प्रांतात २०१६ ला. साडेतीनशे शब्दांच्या आसपास एक गोष्ट अर्धवट सोडलेली, पुढच्या दोन परिच्छेदांचं फक्त पहिलं वाक्य दिलेलं, आणि मुलाने दीडशे शब्दांत ती पुरी करायची. वाचलेलं कळलं नसेल तर लिहिताच येत नाही. परीक्षा म्हणून मला हा प्रश्न फार आवडतो. वाचन आणि लेखन एकाच ठिकाणी तपासलं जातं, पाठ केलेलं पत्र इथे चालत नाही.

आता मृण्मयीताई, तुमच्या "वाचन सगळ्यांना सारखं" या मुद्द्याबद्दल. पेपर सारखा असला म्हणजे तो सारखाच अवघड असतो असं नाही. वाचनाचे उतारे बहुधा ब्रिटिश-अमेरिकन मजकुरातून घेऊन सोपे केलेले असतात. विषय असतात संग्रहालयाची तिकिटं, सायकल भाड्याने देणारी कंपनी, कृत्रिम बुद्धिमत्ता, छंद म्हणून बागकाम. शब्द अभ्यासक्रमातलेच असतील, पण आयुष्यात संग्रहालय न पाहिलेल्या मुलाला तिकिटांच्या सवलतीचा तक्ता समजून घ्यायला जास्त वेळ लागतो, आणि १२० मिनिटांच्या पेपरात वेळ म्हणजेच गुण. गोष्ट पुढे नेण्याच्या प्रश्नातही तेच. ज्याच्या घरी इंग्रजी गोष्टींची पुस्तकं आहेत तो "ही वॉज सॅड"वर थांबत नाही, तो हात थरथरल्याचं लिहितो, दार हळूच लोटल्याचं लिहितो. गावातला मुलगा हे कुठून आणणार? तुम्ही बोलण्याच्या परीक्षेबद्दल जी विषमता सांगता ती वाचन-लेखनातही शिरलेली आहे, फक्त हेडफोनसारखी डोळ्यांना दिसत नाही.

अनघा_वाकणकर

तुम्ही सगळे आतल्या गुणांच्या वाटणीवर बोलताय. मुळात इंग्रजीला गणिताइतके गुण का, हा प्रश्न चीनमध्येच किती वर्षं चाललाय. २०१३ मध्ये बीजिंगने इंग्रजीचे गुण १५० वरून १०० वर आणि चिनीचे १८० वर नेण्याचा मसुदा काढला होता, तो तसा अमलात आला नाही. मार्च २०२१ मध्ये राजकीय सल्लागार परिषदेचे सदस्य शू जिन यांनी सुचवलं की शालेय शिक्षणात इंग्रजी हा चिनी-गणिताच्या बरोबरीचा मुख्य विषय असू नये. शिक्षण मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. पण २०२३ मध्ये शिआन ज्याओतोंग विद्यापीठाने पदवीसाठी इंग्रजीच्या राष्ट्रीय चाचणीची अट काढली. म्हणजे विद्यापीठं सैल सोडायला लागली आणि शाळेतलं पोर मात्र अडकलेलंच.

माझा भाऊ गणितात वाघ होता, इंग्रजीने त्याला मागे ओढलं. म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. चीनमध्ये अशा मुलांनी एक वाट शोधली आहे: गाओकाओमध्ये इंग्रजीऐवजी जपानी, रशियन, जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिशही घेता येते. इंग्रजीत कच्ची मुलं अकरावीच्या सुमारास जपानीकडे वळतात, कारण चित्रलिपी बरीचशी ओळखीची असते. ज्या भाषेचं मुलाला काडीचं आकर्षण नाही ती तो गुणांसाठी शून्यापासून शिकतो. यावरून इंग्रजीच्या गुणांचा बोजा किती आहे ते कळतं. १५० चे १०० करा, राहिलेला वेळ मुलाला त्याच्या विषयात घालू द्या.

मृण्मयी_फोशान

अनघा, भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. तरीही गुण कमी करायला माझा विरोध आहे.

१९७७ मध्ये गाओकाओ पुन्हा सुरू झाली तेव्हा परकी भाषेचे गुण सगळ्यांना धरले जात नव्हते. टप्प्याटप्प्याने वजन वाढवत १९८३ पासून ते पूर्ण धरले जाऊ लागले. त्यानंतर गावोगावच्या शाळांना इंग्रजीचा शिक्षक ठेवणं भाग पडलं. परीक्षेतून विषय पातळ केलात तर सगळ्यात आधी तो शिक्षक जाईल. शहरातले आईबाप मुलांना इंग्रजी शिकवायचं थांबवणार नाहीत, ते खिशातून खर्च करतील. २००० पासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हाही जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी हाच युक्तिवाद होता, आणि तो मला आजही पटतो.

दर्यावर्दी

गुण कमी करू नयेत यावर मी ताईंच्या बाजूने आहे. पण मग १५० पैकी निदान २० गुण बोलण्याला, आणि तेही सगळ्या प्रांतांत. ऐकण्याचे ३० आहेत, त्यातून काढता येतील. वाचनाला हात लावू नका.

मृण्मयी_फोशान

हेनान प्रांताचा विचार करा. तिथे एका वर्षी तेरा लाखांहून जास्त मुलं गाओकाओला बसतात. बोलण्याची परीक्षा सगळ्यांची एकाच दुपारी घेता येत नाही, तुकड्या पाडाव्या लागतात. तुकड्या आल्या की वेगवेगळे प्रश्नसंच आले. मग सकाळचा संच सोपा होता की दुपारचा, हा वाद.

या वादाचं काय होतं ते झेजियांगमध्ये दिसलं. तिथे इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि दोन्हींपैकी जास्त असतील ते गुण धरले जातात. नोव्हेंबर २०१८ चा पेपर आधीच्यापेक्षा अवघड गेला म्हणून परीक्षा यंत्रणेने काही प्रश्नांचे गुण वाढवून दिले. कोणाला किती वाढले, का वाढले, हे मुलांना कळेना. पालक खवळले. प्रांताच्या सरकारने चौकशी केली, वाढवलेले गुण रद्द केले, मूळ गुण परत लावले आणि प्रांताच्या शिक्षण खात्याच्या प्रमुखांना पायउतार व्हावं लागलं. हा दोन लेखी पेपरांमधला फरक होता. बोलण्याचे दहा संच असतील तर तो फरक कसा मोजणार? एकेका गुणावर हजारो मुलांचा क्रम बदलतो तिथे हा खेळ मला मुलांशी करायचा नाही.

चाचणीकार

संचांची काठिण्यपातळी जुळवण्याच्या पद्धती आहेत, आणि त्या चांगल्या चालतात. झेजियांगमध्ये गोंधळ झाला तो निकाल हातात आल्यावर नियम बदलल्यासारखं वाटलं म्हणून. नियम परीक्षेआधी जाहीर असता तर एवढी आग लागली नसती.

दर्यावर्दी

नेमकं. आणि ताई, ग्वांगडाँगचीच गोष्ट घ्या, तुम्ही तिथे राहून आलात. तिथेही सात लाखांहून जास्त मुलं असतात, तिथेही तुकड्या आहेत, वेगवेगळे संच आहेत, आणि २०११ पासून दरवर्षी ही परीक्षा होते. झेजियांगसारखा भडका तिथे उडाला नाही. मग हेनानमध्ये अडतं ते कशावर? हेडफोन आणि संगणकाच्या खोल्यांवर. तो खर्च सरकारने करायचा आहे. सरकारने खर्च केला नाही म्हणून तिथल्या मुलाने मुकं राहायचं, आणि त्याला आपण समान संधी म्हणायचं, हे मी मान्य करणार नाही.