मदत हवी आहे: सीझर क्रीकला सापडलेली ही 'काडी' पोवळं की ब्रायोझोआ (वसाहत करून राहणारे इवलेसे समुद्री जीव)?

ओहायोत, सिनसिनाटीजवळ राहतो. रविवारी लेकीला घेऊन सीझर क्रीक धरणाच्या सांडव्यावर जीवाश्म वेचायला गेलो होतो. व्हिजिटर सेंटरला परवाना फुकट मिळतो, पण हातोडी-छिन्नी चालत नाही, तळहातापेक्षा मोठा जीवाश्म उचलायचा नाही आणि विकायचा तर नाहीच. मी सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात वाढलेला माणूस, दगडात शिंपला बघायची सवयच नाही. इथे पाऊल टाकावं तिथे ४५ कोटी वर्षांपूर्वीचा समुद्र!

सर्वांत जास्त सापडल्या त्या पेन्सिलीएवढ्या जाड, फांद्या फुटलेल्या राखाडी काड्या. अंगभर सुईने टोचल्यासारखी भोकं. लेक म्हणते पोवळं, मला ब्रायोझोआ वाटतंय. ओळखायचं कसं?

दुसरं म्हणजे, एक गाढवपणा केलाय. माती निघेना म्हणून एक काडी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली. सकाळी गुळगुळीत, भोकं गायब. काही करता येईल का?

प्रतिसाद १
ब्रायोझोआच. दोन्ही वसाहत करून राहणारे, म्हणून गोंधळ होतो. भोकांचा आकार बघा. ब्रायोझोआत एकेका जीवाची खोली मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. पोवळ्याची सहसा कित्येक मिलिमीटरची, आणि बऱ्याचदा आत चाकाच्या आऱ्यांसारखे पडदे. तिथे शिंगासारखे तुकडेही मिळाले असतील, ती पोवळीच, पण एकलकोंडी. दगड ओला करून दहापट भिंगाखाली धरा, नक्षी उठून दिसते. जात ठरवायला मात्र पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो, त्या भानगडीत तूर्तास पडू नका.

प्रतिसाद २
व्हिनेगरवाली काडी गेली, विसरा. आजूबाजूचा दगड चुनखडी आणि जीवाश्मही कॅल्साइटचाच (चुनखडी ज्या खनिजाची बनते तेच), आम्ल दोघांनाही खातं. साधं पाणी आणि जुना टूथब्रश बास. चिकटलेली माती शेलची (चिखल घट्ट होऊन बनलेल्या थरांच्या मऊ दगडाची) असेल तर एक-दोन दिवस पाण्यात भिजवा, आपसूक सुटते. आणि प्रत्येक तुकड्यासोबत जागा नि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा. माझ्याकडे एक डबाभर आहेत, कुठले ते आता देवाला ठाऊक.

धागाकर्ता
आभार! भिंग मागवलंय. चिठ्ठ्या लेक लिहितेय, पण प्रत्येकीवर 'पोवळं' असंच.