एक स्वयंपाकघर, सहा किल्ल्या: खान्देशातून परदेशी विद्यापीठांच्या निवासात गेलेल्यांचे अनुभव

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील मुले-मुली आता उच्च शिक्षणासाठी परदेशी जातात आणि प्रवेश, कर्ज, व्हिसा यांवर सल्ला देणारेही गावोगाव भेटतात. पण विमानातून उतरल्यावर ज्या घरात अनोळखी माणसांबरोबर वर्ष काढायचे, त्या घराविषयी कोणी फारसे बोलत नाही. म्हणून हा अनुभव धागा. सामायिक निवासातील पहिले काही महिने कसे गेले, एवढ्यापुरतेच आपण लिहावे, ही विनंती. नावे नकोत, गाव आणि देश पुरे. सुरुवात माझ्यापासून करतो.

यावल तालुका, सध्या जर्मनी

मी सप्टेंबरच्या अखेरीस एका शुक्रवारी संध्याकाळी पोहोचलो आणि पहिली चूक तिथेच झाली. वसतिगृहाची किल्ली इमारतीच्या देखभाल करणाऱ्याकडून ठरलेल्या वेळेतच मिळते आणि ती वेळ दुपारीच संपली होती, त्यामुळे सोमवारपर्यंतच्या तीन रात्री मला प्रवाशांच्या स्वस्त निवासात काढाव्या लागल्या. रविवारी दुकाने बंद असतात हेही तेव्हाच कळले. त्या दिवशी मी जेवलो ते मायने बळजबरीने पिशवीत घातलेल्या आमच्याच बागेतील केळ्यांवर. विमानतळावर तुपाचा डबा काढून घेतला गेला, कारण युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाला दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत. केळ्यांकडे मात्र कोणी पाहिलेही नाही. बहुतेक ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, पण केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्यूरियन ही पाच फळे त्यातून वगळलेली आहेत, हे मी नंतर वाचले. केळीच्या मुलखातून निघणाऱ्याला ही गोष्ट आधी माहीत असायला हवी होती.

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याचे सहीचे पत्र लागते. ते पत्र किल्ली घेतानाच मागून घ्यावे. नोंद झाल्यावर थोड्याच दिवसांत सार्वजनिक नभोवाणी आणि दूरचित्रवाणीच्या शुल्काचे पत्र आले, तेव्हा माझ्याकडे टीव्ही नसल्याने ती फसवणूक असावी असे समजून मी ते बाजूला टाकले. प्रत्यक्षात हे शुल्क माणसागणिक नसून घरागणिक असते, दरमहा 18.36 युरो. आमच्या चौघांच्या घरात एक जण ते आधीच भरत होती, म्हणून मला तिचा क्रमांक कळवून माझ्या वाट्याचे 4.59 युरो तिला द्यायचे होते, इतकेच.

पण कागदपत्रांपेक्षा माणसांशी जुळवून घेणे अवघड गेले. आठवड्याभरातच शेजारच्या खोलीतील जर्मन मुलीने मला स्वयंपाकघरात थांबवून सांगितले की, मी शेगडीवर तेलाचे डाग ठेवतो आणि ते तिला आवडत नाही. बोलून ती शांतपणे चहा करू लागली. मी दोन दिवस अपमानात होतो. आमच्याकडे असे काही सांगायचे असेल तर ते तिसऱ्याच्या तोंडून, हसत, आडून येते. समोरासमोर बोलले म्हणजे भांडणच झाले असे आपण धरतो. तिच्या मनात मात्र भांडण नव्हते आणि डाग पुसल्यावर तो विषयही उरला नव्हता. नोव्हेंबरमध्ये माझी पाळी आली. ती रोज सकाळी कडाक्याच्या थंडीत स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडायची. जिथे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो आणि झळा आत येऊ नयेत म्हणून भरदुपारी खिडक्या लावून घेतात, त्या गावात वाढलेल्या मला बाहेरची हवा मुद्दाम घरात घेणे हा वेडेपणा वाटे. मी धीर करून विचारले. तिने सांगितले की, बंद घरात स्वयंपाकाची आणि श्वासाची वाफ थंड भिंतीवर साचून बुरशी धरते, म्हणून पाच-दहा मिनिटे खिडकी पूर्ण उघडून ती वाफ बाहेर काढायची असते. आणि बुरशी धरलीच तर तिचा खर्च अनामत रकमेतून जाऊ शकतो. तेव्हापासून खिडकी मी उघडतो.

धुळे, सध्या इंग्लंड

वरील अनुभवातील शेगडीचा डाग वाचून मला माझी फोडणी आठवली. आमच्या मजल्यावर सहा खोल्या आणि एक स्वयंपाकघर आहे. आल्यानंतर पंधराव्या दिवशी मी घोटलेल्या उडदाच्या डाळीसाठी लसूण आणि सुक्या लाल मिरच्यांची फोडणी दिली, खोकला आला म्हणून स्वयंपाकघराचे दार कचऱ्याचा डबा लावून उघडे ठेवले, आणि दोन मिनिटांत संपूर्ण इमारतीचा आगीचा भोंगा सुरू झाला. रात्री साडेदहा वाजता दीडशे-दोनशे मुले रात्रीच्या कपड्यांत रस्त्यावर उभी होती आणि त्यांच्यात पळी हातात धरलेली मी. अग्निशमन दलाची गाडी येऊन गेल्यावरच सर्वांना आत सोडले.

दुसऱ्या दिवशी देखभाल विभागातील गृहस्थांनी न रागावता जे समजावले, ते पहिल्याच दिवशी सांगितले गेले असते तर बरे झाले असते. आमच्या स्वयंपाकघरातील यंत्र उष्णता ओळखते, धूर नव्हे. धूर ओळखणारी यंत्रे बाहेरच्या मार्गिकेत आहेत. आपोआप बंद होणारे ते जड दार धूर आत अडवण्यासाठीच असते आणि मी तेच उघडे धरले होते. आता मी दार लावते, धूर ओढणारा पंखा आधी सुरू करते आणि तेल तापल्यावर भांडे शेगडीवरून उतरवून मगच त्यात मिरची घालते. खान्देशी काळा मसाला इथे भाजण्याचा विचारही करू नये. तो घरूनच भाजून आणि दळून आणावा.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात सांगते. इथे भाडे बहुधा आठवड्याचे सांगतात, त्यामुळे त्याला चाराने गुणून महिन्याचा हिशेब केला तर वर्षाच्या शेवटी चार आठवड्यांचे पैसे कमी पडतात. माझ्या वडिलांनी कर्जाचा अंदाज नेमका तसाच केला होता. दुसरे म्हणजे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळे एक तास मागे जातात आणि भारताशी असलेले साडेचार तासांचे अंतर साडेपाच तासांचे होते. हे मी आईला सांगायला विसरले आणि ती त्या रात्री माझ्या फोनची वाट पाहत तासभर जागी बसली.

शिरपूर, सध्या अमेरिका

माझा अनुभव विद्यापीठाच्या आवाराबाहेरील भाड्याच्या घराचा आहे. आम्ही चौघांनी मिळून बारा महिन्यांच्या एकाच करारावर सह्या केल्या. जानेवारीत एक जण अभ्यासक्रम सोडून निघून गेला आणि करार संयुक्त असल्यामुळे त्याच्या वाट्याचे भाडे उरलेल्या तिघांवर आले. प्रत्येक खोलीचा वेगळा करार मिळत असेल तर तो थोडा महाग पडला तरी घ्यावा. घरून आणलेला मिक्सर अजून खोक्यात आहे, कारण तो 230 व्होल्टचा आणि इथली वीज 120 व्होल्टची. चटणी खलबत्त्यात होते.

पालक, अमळनेर

मी विद्यार्थी नाही, पण लिहू द्यावे. मुलीने निघण्यापूर्वी निवासाचा अर्ज माझ्यासमोर भरला, तेव्हा त्यात केवळ मुलींचे घर हवे की मुले-मुली एकत्र असलेले चालेल, असा प्रश्न होता. तिने पहिला पर्याय निवडला, पण जागा नसल्याने दुसरे घर मिळाले. प्रत्येकाच्या खोलीला स्वतंत्र कुलूप आणि स्वतंत्र न्हाणीघर आहे, हे तिने मला व्हिडिओवर दाखवले; माझे समाधान झाले. नातेवाइकांना मात्र आम्ही आजही ‘मुलींचे वसतिगृह’ असेच सांगतो. हे बरोबर की चूक, हे मला ठरवता आलेले नाही. तिच्या शेजारच्या खोलीतील मुलाने ती तापाने फणफणली असताना दोन दिवस तिला भात करून दिला, हेही मी कोणाला सांगू शकलेलो नाही, म्हणून इथे लिहिले.

नंदुरबार, सध्या ऑस्ट्रेलिया

आमच्या घरी अहिराणी बोलतात. पुण्याला पदवीसाठी राहत असताना मी माझ्या मायचा फोन आला की खोलीबाहेर जाऊन हळू आवाजात बोलत असे, कारण माझी बोली ऐकून मुले हसत. फेब्रुवारीत इथे आलो. सामायिक स्वयंपाकघरात फोन वाजला, मायने नेहमीप्रमाणे ‘जेवना का?’ विचारले, आणि मी सवयीने दाराकडे निघालो. मग लक्षात आले की, इथल्या पाच जणांना प्रमाण मराठी आणि अहिराणी दोन्ही सारख्याच अपरिचित आहेत. मी खुर्चीत बसून मोठ्याने बोललो. नेपाळच्या मुलाने नंतर विचारले, ‘ही हिंदी तर नव्हे; कोणती भाषा?’ परदेशात कोणाला तरी अहिराणीचे नाव सांगण्याची ती माझी पहिलीच वेळ होती.

इथे ऋतू उलटे असतात, त्यामुळे भरिताचा हंगाम मी जुलैत धरला. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ती हिरवट, लठ्ठ वांगी इथे कुठून मिळणार, म्हणून बाजारातील मोठी जांभळी वांगी आणली. आमच्याकडे ती शेतात कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात. इथे काचेच्या पृष्ठभागाची विजेची शेगडी असल्यामुळे जाळच नाही. शेवटी ओव्हनमध्ये 220 अंशांवर ती पाऊण तास ठेवली, पण आधी काट्याने टोचायला विसरलो आणि त्यातील एक वांगे आतच फुटले. सामायिक ओव्हन असल्याने तो त्याच रात्री साफ करावा लागला. नेपाळी मित्र न सांगता कापड घेऊन शेजारी बसला. उरलेल्या वांग्यांत हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे आणि कांद्याची पात घालून भरीत झाले. धुराचा वास नव्हता. तरीही सहा जणांनी पातेले रिकामे केले. पातेले घासताना तो म्हणाला, ‘पुढच्या वेळी मिरच्या तू कुट, वांग्यांना भोके मी पाडतो.’