आमवाताच्या गोळ्या चालू असताना आईला मेलेल्या विषाणूची कोरोना लस द्यावी का?

सायली_८३
आई ६७ वर्षांची आहे, आमवात गेली अकरा वर्षं. दर रविवारी मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारी आमवाताची गोळी), रोज ५ मिलीग्रॅम स्टेरॉइड, आणि स्टेंट घातल्यापासून रक्त पातळ करायची गोळी पण. आजवर एकही कोरोना लस घेतलेली नाही, भीतीपोटीच. आता तिला निष्क्रिय विषाणूची लस मिळतीये आणि घरात दोन तट पडलेत. मामा म्हणतो विषाणू मेलेला असला तरी विषाणूच ना, हिची प्रतिकारशक्ती आधीच दाबलेली, आत जाऊन उठला तर काय करणार. काकू म्हणते डोसच्या आधी चार दिवस सगळ्या गोळ्या बंद कर म्हणजे लस नीट लागेल. आईला काय वाटतं हे कोणी विचारतच नाहीये, ती नुसती माझ्याकडे बघते. कोणी जाणकार असेल तर प्लीज नीट समजावून सांगा, डॉक्टरांची अपॉइंटमेंट सोमवारी आहे पण तिथे पाच मिनिटं मिळतात, काय विचारायचं हे तरी कळूदे.

लसवाली_मावशी
सायली, मी बावीस वर्षं लसीकरणाचं काम केलंय, निवृत्त नर्स आहे. आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते, कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. स्टेरॉइड तर अजिबातच नाही. वर्षानुवर्षं घेतलेलं स्टेरॉइड एकदम तोडलं की शरीर स्वतःचं तयार करायचं विसरलेलं असतं, बीपी खाली जातं, माणूस गळून पडतो, लशीपेक्षा तेच जास्त धोक्याचं. स्टेंटवाली गोळी पण चालूच ठेवायची.

आता मामांचं. ही लस बनवताना विषाणू प्रयोगशाळेत पेशींवर वाढवतात आणि मग बीटा प्रोपिओलॅक्टोन नावाच्या रसायनाने मारतात. ते रसायन विषाणूच्या आतली जनुकांची साखळीच मोडून टाकतं, त्यामुळे त्याची पुढची पिढी निघूच शकत नाही, मग समोरच्याची प्रतिकारशक्ती चांगली असो की दाबलेली. उरतो तो फक्त सांगाडा, तोच शरीराला दाखवायचा असतो, आणि शरीराचं लक्ष जावं म्हणून सोबत ॲल्युमिनियमचा क्षार घालतात. आपली कोव्हॅक्सिन, चीनच्या सायनोव्हॅक कंपनीची कोरोनाव्हॅक, तिथल्याच सायनोफार्मची लस, या सगळ्या याच जातीच्या. पोलिओचं इंजेक्शन आणि रेबीजची लस पण अशीच मेलेल्या विषाणूची असते, आपण ती कितीतरी वर्षं देतोय. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना टाळायच्या असतात त्या जिवंत लसी, गोवरासारख्या. मामांच्या डोक्यात बहुतेक ते मिसळलंय.

मामांची भीती अगदीच हवेतली नाही हेही सांगते. १९५५ साली अमेरिकेत पोलिओच्या काही बॅचमध्ये विषाणू पूर्ण मेला नव्हता आणि मुलांना लसीतूनच पोलिओ झाला. त्यानंतरच विषाणू खरंच मेलाय का हे तपासायचे नियम कडक झाले.

केंद्रावर गेल्यावर रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे सुई टोचायच्या आधी सांगायचं. बारीक सुई वापरतात आणि नंतर कापसाने दोन मिनिटं घट्ट दाबून धरायचं, चोळायचं नाही. मी घड्याळात बघून दोन मिनिटं धरायला लावायचे, लोक वीस सेकंदात कापूस टाकून शर्टाची बाही खाली ओढतात आणि मग दंड काळानिळा.

किरण_आमवातवाला
मी स्वतः मेथोट्रेक्सेटवर आहे म्हणून लिहितोय. मावशींनी लस त्रास देईल का याचं उत्तर दिलं, पण आपल्यासारख्यांचा खरा प्रश्न उलटा आहे ताई, लस लागेल का. ब्राझीलमध्ये आमवात, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) वगैरे असलेल्या ९१० पेशंटना कोरोनाव्हॅकचे दोन डोस देऊन रक्त तपासलं होतं, २०२१ मध्ये. निरोगी लोकांत साधारण ९५ टक्क्यांना अँटीबॉडी तयार झाल्या, पेशंटमध्ये ७० टक्क्यांना. म्हणजे बहुतेकांना लागली पण दहातले तीन जण दोन डोसनंतरही रिकामेच राहिले. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये आपल्यासारख्यांसाठी तिसरा डोस हा बूस्टर नाही तर मूळ कोर्सचाच भाग धरला, दुसऱ्यानंतर १ ते ३ महिन्यांत. आणि सायनोव्हॅक सायनोफार्मच्या बाबतीत साठीच्या वरच्या सगळ्यांनाच तिसरा सांगितला. लस या दोघांतली असेल तर तुमच्या आई दोन्हीकडून त्यात बसतात.

दोन डोस झाले की सुटलो असं मी धरून चाललो होतो, लस देणाऱ्यांनी औषधं कोणती चालू आहेत हे विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पाच महिन्यांनी आजारी पडलो, अकरा दिवस ऑक्सिजनवर होतो. तिसरा घेतला असता तर टळलं असतं का हे कोणीच सांगू शकत नाही, पण ते अकरा दिवस मी छताकडे बघत हाच विचार करत होतो. त्यामुळे कृपया सांगा, न विचारता सांगा.

मेथोट्रेक्सेटबद्दल काकूंचं थोडं बरोबर आणि बरंचसं चूक. आजार आटोक्यात असेल तर डोसच्या नंतर एक-दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवायला काही डॉक्टर सांगतात, आधी नाही. ब्रिटनमध्ये बूस्टरच्या वेळी दोन आठवडे थांबवून बघितलं तर अँटीबॉडी दुपटीच्या आसपास गेल्या, तिथे लसी दुसऱ्या जातीच्या होत्या हे लक्षात घ्या. पण त्या काळात सांधे जास्त दुखल्याचेही पेशंट होते. हा निर्णय ज्यांनी गोळी लिहून दिली त्यांचाच. सोमवारच्या पाच मिनिटांत हाच प्रश्न पहिला विचारा.

स्लाइडखालून
लॅबमध्ये काम करतो, एकच गोष्ट. डोसनंतर अँटीबॉडी टेस्ट करून लस लागली का बघू असं बरेच जण म्हणतात. या लसीत अख्खा विषाणू असतो, नुसता स्पाइक (विषाणूच्या बाहेरचा काटा) नाही, त्यामुळे न्यूक्लिओकॅप्सिडच्या, म्हणजे विषाणूच्या आतल्या प्रथिनाच्या, अँटीबॉडी पण येऊ शकतात. ती टेस्ट पॉझिटिव्ह आली की लोक घाबरून म्हणतात मला कधी कोरोना झाला होता, आणि तसं असेलच असं नाही. आरटीपीसीआर मात्र लशीमुळे पॉझिटिव्ह येत नाही, आली तर तो आजारच समजायचा. आकडा कमी दिसला म्हणून संरक्षण शून्य असंही नसतं, त्यामुळे टेस्टच्या आकड्यावर तिसरा डोस टाळू नका.

सायली_८३
तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं, ताप किती दिवस राहील?

लसवाली_मावशी
त्यांना सांग, आलाच तर एक-दोन दिवस. दंड दुखतो, अंग जड होतं, डोकं दुखतं, या जातीच्या लसीत हे सहसा सौम्यच असतं. आधीच पॅरासिटामॉल घेऊन जायची गरज नाही, नंतर दुखलं तर घ्यावी. त्या दिवशी आधीपासूनच ३८.५ सेल्सिअसच्या (साधारण १०१ फॅरनहाइटच्या) वर ताप असेल तर तारीख पुढे ढकलायची. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं, घाईने उठायचं नाही. श्वास लागणं, ओठ किंवा जीभ सुजणं, अंगभर गांध्या हे बहुतेक त्याच वेळात दिसतं आणि तिथे त्यावरचं इंजेक्शन हाताशी असतं. पहिल्या डोसला असं काही झालं तर त्याच लसीचा दुसरा घ्यायचा नाही. आणि पहिल्या डोसनंतर लगेच बेफिकीर होऊ नका, दुसऱ्यानंतरही दोन आठवडे जावे लागतात.

सायली_८३
अपडेट द्यायला आले. डॉक्टरांना मेथोट्रेक्सेटचा प्रश्न पहिला विचारला, त्यांनी डोसनंतरचा एकच रविवार वगळायला सांगितला, बाकी सगळं चालू. केंद्रावर आईने स्वतःच सांगितलं, मला आमवात आहे, रक्त पातळ करायची गोळी आहे, मी बोलायच्या आधीच. लस देणाऱ्या ताईंनी बाटली हलवून दाखवली, आत पांढुरकं गढूळ पाणी होतं, आई म्हणाली हे खराब तर नाही ना, तर त्या म्हणाल्या असंच असतं, म्हणूनच हलवून घ्यायची. कापूस मी दाबून धरला, दोन मिनिटं मोबाईलवर लावून. दंडावर छोटासा डाग आला फक्त. रात्री थोडी कणकण, सकाळी उठून नेहमीसारखी. वगळलेल्या रविवारनंतर दोन दिवस बोटं जास्त आखडली, ती डॉक्टरांना कळवलीत, पुढच्या वेळी वगळायचं की नाही ते तेव्हा ठरवणार. कार्डावर लशीचं नाव आणि बॅच लिहून घेतलंय, दुसऱ्या डोसची तारीख अठ्ठावीस दिवसांनी आणि तिच्याखाली आईने स्वतःच्या हाताने पेन्सिलीने लिहिलंय, "तिसरा विचारणे".