गावनाला: पोकलेन की वनराई बंधारा?

बांधकरी: डिसेंबर २०१४ ला सरकारचं जलयुक्त शिवार अभियान आलं, तेव्हापासून उन्हाळा लागला की नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-कळमेश्वरकडच्या नाल्यांत खोली-रुंदी वाढवायला पोकलेन उतरते. माझा विरोध आहे. नाल्याला २०० मीटरमागे १ मीटर उतार असेल, तर मीटरभर उंच वनराई बंधाऱ्याची, म्हणजे मातीने भरलेल्या पोत्यांच्या बांधाची फुग (मागे तुंबणारं पाणी) २०० मीटर मागे जाते. पात्र ५ मीटर रुंद, बंधाऱ्याची जाडी तळाशी २ आणि माथ्याला १ मीटर धरा. सिमेंटची दोनशे-सव्वादोनशे रिकामी पोती लागतात. पोतं पाऊणच भरायचं, म्हणजे दबून बसतं. तोंड सुतळीने शिवायचं, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, फटींत काळी माती ठासायची. पाणी माथ्यावरून पडतं तिथे दगड टाकले नाहीत, तर तळ उकरून बंधारा बसतो.

संत्रावाला: हिशेब बरोबर आहे भाऊ, पण माणसं कुठून आणता? परतीचा पाऊस ओसरला की बंधारा घालायचा, अन् नेमकी तेव्हाच सोयाबीनची सवंगणी. उन्हात चुंगड्या विरतात, पुढच्या पुरात चिंध्या वावरात. धुळे जिल्ह्यात शिरपूरला खोल-रुंद नाल्यांत साखळी बंधारे बांधूनच पाणी थांबलं ना?

बांधकरी: शिरपूरच्या बऱ्याच भागात तापीचा गाळ आहे, तिथे खोल खोदणं चालतं. आपल्याकडे वर मुरूम, खाली काळा पाषाण. उथळ विहिरींचं पाणी मुख्यतः मुरमातच. तो आरपार कापला की नाल्याचा तळ विहिरीतल्या पातळीखाली जातो, अन् विहिरीचं पाणी उलटं नाल्यात पाझरतं. हे जलसंधारण की निचरा? वरून पहिल्याच पुराची चिकणमाती तळावर बसते, मुरणंही मंदावतं.

गायरान: तुम्ही दोघं विहिरींवरच अडले राजेहो. उभे काठ कापले तर गोवाऱ्यांनी ढोरं पाण्यावर कुठून उतरवायची? डोह सपाट झाले की मरळ मासा उन्हाळा कुठे काढणार, अन् ढिवरांनी काय धरायचं?

संत्रावाला: डोह सोडा, ढोरांसाठी उतरण ठेवा, कबूल. पण साचलेला गाळ तर काढाल? मुरमाला धक्का न लावता काढा, मधेमधे पट्टे न खोदता ठेवा, माती काठावर रचू नका; पहिल्या पावसात तीच परत आत येते. मशीन हवीच. पोत्यांच्या भरवशावर मी बगीचा ठेवणार नाही.

बांधकरी: गाळापुरती मशीन चालेल. पण वरच्या टेकडीवर समतल चर अन् दगडी बांध आधी करा, नाहीतर दोन पावसाळ्यांत पात्र पुन्हा गाळाने भरेल. विरलेली पोती मात्र मे महिन्यातच उचलायची, ते काम बंधारा घालणाऱ्यांचंच.